मागच्या सीटवरचा संशयित

तो माझ्या सीटवर बसला होता.

कंपनीच्या बसमध्ये सीटवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. पण कोणती सीट कुणाची, हे सगळ्यांना पाठ असतं. ड्रायव्हरच्या मागची दुसरी, खिडकीजवळची माझी आणि तिच्या शेजारची पिंकीची. आम्ही दोघी कासारवाडीच्या, चढायचो नाशिक फाट्याला. त्या सकाळी बारीक पाऊस होता, छत्री मिटत मी आत शिरले, तर माझ्या सीटवर एक अनोळखी मुलगा. कानात इयरफोन, मांडीवर डब्याची पिशवी, नजर खिडकीबाहेर... जणू काही ती खिडकी त्याच्याच नावावर होती.

"ही सीट माझी आहे," मी म्हणाले.

त्याने एका कानातला इयरफोन काढला. सीटच्या पाठीवर, खाली, खिडकीच्या काचेवर नीट नजर फिरवली.

"नाव कुठं दिसंना ओ."

"नाव नसतं. माहीत असावं लागतं."

"मी आजच लागलोय कामाला. मला कसं माहीत असणार?"

"आता झालं ना माहीत?"

आरशातून आमच्याकडे बघत धोंडीबामामा हसले. बसचं स्टिअरिंग त्यांच्या हातात, पण बसमध्ये कुणाचं चालतं हे त्यांनाही ठाऊक होतं. "उठा साहेब तितनं," ते म्हणाले, "ती पोरगी सोडायची न्हाई. म्या बी भितो तिला."

तो उठला आणि आमच्या मागच्याच सीटवर गेला. जाताना माझ्याकडे बघून जरासा हसला. भांडणात हरल्यावर हसणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यांच्या मनात काहीतरी शिजत असतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा हसण्याचा एवढा संशय? त्याला माझा इलाज नाही. चाकणच्या आमच्या कंपनीत ब्रेकचे पार्ट बनतात आणि मी शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बसते. चांगल्या दिसणाऱ्या वस्तूत दिवसभर खोट शोधायची, त्याचाच पगार घ्यायचा. ही सवय घरीही येते. मला बघायला आलेल्या मुलाच्या घड्याळाचा पट्टासुद्धा मी निरखून पाहते. आई म्हणते, "मिनल, तुझ्यासोबत टीव्ही बघणं म्हणजे परीक्षेला बसणं."

टीव्हीचं खरं आहे. सिनेमा, मालिका, गाणी, जे दिसेल-ऐकू येईल त्यावर मला मत असतं आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. सांगण्याची जागा म्हणजे बस. मोशीच्या अलीकडे गाड्या अडकल्या, कांद्याचे ट्रक आजूबाजूला उभे राहिले, त्या वासाने बस भरून गेली, की माझं दुकान उघडायचं.

त्या दिवशीही उघडलं. मी पिंकीला आदल्या रविवारी पाहिलेली वेबसिरीज सांगत होते.

"गोष्ट दोन भागांची गं, काढले आठ. बाकीच्या सहा भागांत काय, तर वरून ड्रोन फिरवून रस्ते दाखवलेत. अरे, रस्तेच बघायचे तर मी मोशी चौकात बघते की, फुकट!"

मागून हसू आलं. खुद्कन, दाबलेलं. मी वळून पाहिलं. तो दोन्ही कानांत इयरफोन घालून, खिडकीबाहेर बघत, अगदी निष्पाप चेहऱ्याने बसला होता.

गाणं ऐकून असं कोण हसतं?

त्याचं नाव निरंजन. जिंतूरकडचा, देखभाल विभागात नवीन लागलेला, दापोडीला मित्रांसोबत खोली घेऊन राहणारा. ही सगळी माहिती पिंकीने काढली. ती स्टोअरमध्ये असल्यामुळे कंपनीत कोण आलं, कोण गेलं, तिला आधी कळतं.

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावरची रुपाली मोबाइल बघत खदाखदा हसायला लागली. "ऐका गं, काय लिहितो हा माणूस!" म्हणत तिने वाचून दाखवलं : "जुन्या गाण्याचा रिमिक्स म्हणजे शिळ्या पोळीचा कुस्करा. पण कुस्करा निदान चवीला बरा लागतो."

माझा घास हातातच राहिला. हे मी बोलले होते. बसमध्ये. मंगळवारी.

"कोण लिहितो हे?"

"काय माहीत. 'पाय खुर्चीवर' म्हणून पेज आहे. भारी डोकं आहे पण पोराचं!"

मी तिचा फोन हिसकावूनच घेतला. निळ्या चौकोनात पांढरी अक्षरं, एकाखाली एक. "हिरॉईनला नोकरी असते, पण ती कामावर कधी जात नाही. हिची रजा कोण मंजूर करतं?" माझं. "नाही म्हणजे नाही, हे कळायला ज्या हिरोला तीन तास लागतात, त्याला तिकीट कशाला द्यायचं?" माझं. ड्रोन आणि मोशी चौक, तेही माझं, आणि पेजवरची सगळ्यात पहिली पोस्ट तीच. खाली लोकांचे बदाम, टाळ्या. 'भावा, लय भारी.' 'दादा, रोज लिहीत जा.'

हीच वाक्यं मी टेबलावर बोलले की रुपाली म्हणायची, "तुला बाई सगळ्यातच खोट दिसते." तीच आता कुण्या दादाची झाली होती. मला रडू येईल असं वाटलं. माझ्याकडे दुसरं काय आहे? गाता येत नाही, नाचता येत नाही. एक बोलता येतं, आणि तेही कुणी उचलून नेलं.

पेज कधी सुरू झालं? निरंजन बसमध्ये आला त्याच आठवड्यात. मागच्या सीटवर कोण बसतं? तोच. माझं बोलून झालं की लगेच मोबाइलवर खाली मान घालून कोण टाइप करतं? मी दोन दिवस खिडकीच्या काचेतून त्याचं प्रतिबिंब पाहिलं. मी गप्प झाले की त्याचा अंगठा सुरू.

"तोच आहे," मी पिंकीला म्हणाले.

पिंकी पिशवीत काहीतरी शोधायला लागली. "असेलही..." ती म्हणाली.

आता चोर पकडायचा म्हणजे त्याच्याशी बोलायला हवं. म्हणून बोलायला लागले. हे मी स्वतःला तरी असंच सांगितलं. मोशीला गाड्या अडकल्या की धोंडीबामामा चहाला उतरायचे, आणि त्यांच्यामागून आम्हीही. पत्र्याच्या शेडखाली, कडेने ओघळणारं पाणी चुकवत, हातात कागदी कप.

"तुम्हाला कसले सिनेमे आवडतात?" मी एकदा विचारलं. आवाज मात्र चौकशी अधिकाऱ्याचा.

"रडवणारे."

"रडता?"

"भरपूर. हिरोची आई डबा भरताना दिसली तरी रडू येतंय मला."

"पण तिथे रडण्यासारखं काय असतं?"

"डबा," तो म्हणाला. "घर सोडल्यावर कळतंय ते."

सिनेमातल्या डब्यावर माझ्याकडे एक खवचट वाक्य तयार होतं, ते मी चहाबरोबर गिळलं. असं मी सहसा करत नाही.

"आणि तुम्हाला?" त्याने विचारलं.

"मला कुठलेच पूर्ण आवडत नाहीत."

"माणसं?"

"तीही नाहीत."

"थोडी थोडी?"

"तपासून सांगते," मी म्हणाले, आणि कप टाकायला वळले. कारण मला हसू येत होतं, आणि संशयितासमोर हसायचं नसतं.

असं महिनाभर चाललं. रोज मी काहीतरी विचारायची, तो सरळ उत्तर द्यायचा. मी त्या उत्तरात खोट शोधायची. सापडायची नाही, मग आणखी संशय यायचा. एकदा माझी ओढणी बसच्या दारात अडकली, त्याने न बोलता सोडवली आणि माझ्याकडे न बघता पुढे गेला. तर मी दिवसभर विचार करत बसले, हा बघत का नाही? आणि बघत असला की वाटायचं, हा बघतो का? रात्री अंथरुणावर पडले की मनात यायचं, देवा, हा चोर निघू नये. मग स्वतःचाच राग यायचा. चोर निघू नये असं वाटणारा तपासनीस काय कामाचा!

शेवटी मी ठरवलं, परीक्षा घ्यायची. आमच्याकडे शिफ्ट सुरू होताना एक खराब पार्ट मुद्दाम तपासणीच्या मशीनखालून काढतात. चुकून मालात जाऊ नये म्हणून त्याला लाल रंग दिलेला असतो. मशीनने तो बाहेर फेकला तर मशीन ठीक. आत घेतला तर लाइन बंद, आणि आधीचा सगळा माल पुन्हा तपासायचा. निरंजनसाठी मी असंच एक लाल मत तयार केलं. माझं नसलेलं, मी जन्मात बोलणार नाही असं. ते पेजवर आलं, की चोर सापडला.

"कसा आहे बेत?" सगळं सांगून मी पिंकीला विचारलं.

"भारी," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण माझं लक्ष कुठे होतं!

दुसऱ्या दिवशी मोशीला गाडी थांबल्याबरोबर मी मोठ्याने सुरू केलं, "पिंके, मला बाई तो परवाचा हिरो फारच आवडला. पोरगी नाही म्हणते, तरी मागे मागे फिरतो. तिच्या ऑफिससमोर दिवस दिवस उभा राहतो. याला म्हणतात प्रेम!"

मागून हसू आलं नाही. अंगठाही चालला नाही. उलट तोच पुढे वाकला, इतका की त्याच्या शर्टाला लागलेल्या मशीनच्या तेलाचा वास मला आला.

"तब्येत बरी नाही का तुमची?"

"का?"

"तुम्ही बोलायलात, पण हे तुमचं नाही."

"माझं नाही म्हणजे?"

"आवाज तुमचा आहे. मत दुसऱ्याचंय." त्याच्या चेहऱ्यावर खरोखर काळजी होती. "कुणी काही बोललं का तुम्हाला? तुम्ही असं बोलणाऱ्यातल्या नाहीत."

मला एकदम कानापर्यंत गरम झालं. घरात जन्मापासून राहणाऱ्या माणसांना माझं खरं बोलणं आणि खोटं बोलणं वेगळं कळत नाही. याला पहिल्या वाक्यात कळलं होतं. मी त्या क्षणी त्याच्या प्रेमात पडले, हे मी आता सांगू शकते. तेव्हा मात्र मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि मनात म्हटलं, पकडलं याने. हुशार आहे. आता हे पेजवर येणारच नाही.

आणि आलं नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा गेला. बाकीची मतं येत राहिली, तेवढं लाल मत आलं नाही. म्हणजे ते खोटं आहे हे ज्याला कळलं, तोच पेज चालवतो. इतका सरळ हिशोब होता.

त्या संध्याकाळी बस कंपनीच्या दारातून निघायच्या आत मी मागे वळले.

"फोन दाखवा."

"काय?"

"तुमचा फोन. मी बोलले की काय टाइप करता ते बघायचंय मला. 'पाय खुर्चीवर' तुमचंच आहे ना?"

"कसला पाय?" तो गोंधळला. बसमधल्या गप्पा थांबल्या. धोंडीबामामांनी गाणं बंद केलं.

"माझं बोलणं चोरून स्वतःच्या नावाने छापता ना? नसाल करत, तर दाखवा फोन."

त्याने फोन काढला. त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि परत खिशात ठेवला.

"नाही दाखवणार."

"का?"

"माझं खाजगी आहे त्यात."

"म्हणजे चोर आहात."

हे मी भर बसमध्ये बोलले. मोठ्याने. त्याचा चेहरा पांढरा पडला. "तुम्हाला सगळ्यांनी ऐकावं वाटतंय," तो हळू म्हणाला, "पण दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं नसतं तुम्हाला." मग कानात इयरफोन घातले आणि आम्ही नाशिक फाट्याला उतरेपर्यंत मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या बसला आला नाही. धोंडीबामामांकडून कळलं, तो आता सकाळी लोकल पकडून उलट्या दिशेला देहूरोडला जातो आणि तिथून तळेगावमार्गे येणाऱ्या कंपनीच्या दुसऱ्या बसने कामावर येतो. "येवढा वळसा कुनी शाना मानूस घालतो व्हय?" मामा आरशातून मला म्हणाले. "कायतरी लागलंय त्याच्या जिवाला." मागची सीट रिकामीच राहिली. तिच्यावर कुणी बसलं नाही. मीही बसमध्ये बोलणं बंद केलं. कांद्याचे ट्रक यायचे, जायचे. मला वाटलं होतं चोर पकडल्यावर बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही. त्याची इतकी आठवण यायची की मोशीचा चहा नकोसा झाला.

मग कंपनीत ऑडिट आलं. आमचा माल घेणाऱ्या कंपनीचे एक साहेब, पांढरे केस, शांत बोलणं. आमच्या लाल पार्टची परीक्षा त्यांनी पाहिली, मान डोलावली आणि टेबलापाशी गप्पा मारत उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या पुढ्यातल्या तपासून झालेल्या ट्रेमधून एक पार्ट उचलला. कडेला बारीक तडा होता. तो त्यांनीच न सांगता मिसळला होता. रंग न लावता. आणि मी, इतक्या वर्षांची मी, तो 'ओके' म्हणून पुढे सरकवला होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब रागावले नाहीत. "लाल असता तर तुम्ही पकडलाच असता," ते म्हणाले. "पण बाई, ज्याला आधी सांगून ठेवलंय त्याची परीक्षा होतच नाही."

ते पुढच्या टेबलाकडे गेले आणि मी हातातलं मोजायचं गेज तसंच धरून उभी राहिले. ज्याला आधी सांगून ठेवलंय... लाल मताचं मी आधी सांगितलं होतं. एकाच माणसाला.

पिंकी मला कपडे बदलायच्या खोलीत सापडली. मी काही विचारायच्या आत माझा चेहरा बघूनच ती बाकावर बसली.

"मी सांगणार होते," ती म्हणाली.

"कधी?"

"पहिल्या दिवशी तो तुझ्या बोलण्यावर हसला ना, ड्रोनच्या... तेव्हा मला वाटलं, अगं, हे मी रोज एकटीच ऐकते. अनोळखी माणूसही हसतो म्हणजे सगळेच हसतील. म्हणून टाकलं एक. मग लोक वाढत गेले. 'भारी लिहितोस' म्हणायला लागले." तिचे डोळे भरले. "मला कधी कुणी भारी म्हणत नाही मिनल. तू बोलतेस, मी मान हलवते. मला तेवढंच येतं."

"आणि मी त्याला चोर म्हणत होते तेव्हा? तू माझ्या शेजारी बसली होतीस पिंके!"

"भ्याले गं," ती म्हणाली आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली.

मी खूप बोलले तिला. नको ते बोलले. घरी गेल्यावर कळलं की माझा अर्धा राग तिच्यावर नव्हताच. तिने वाक्यं उचलली होती. माणूस मी घालवला होता. त्या संध्याकाळी पेजवर नवीन पोस्ट आली : "इथलं सगळं मिनल बोलते. मी फक्त टाइप करते. — पिंकी." मी तिला फोन केला नाही, पण त्या पोस्टवर बदाम टाकला. बाकीचं हळूहळू मिटणार होतं.

निरंजनचं मात्र हळूहळू मिटवून चालणार नव्हतं. चोर मी चारचौघांत म्हणाले होते, माफीही चारचौघांत मागायला हवी. दुसऱ्या दिवशी मी कासारवाडी स्टेशनवरून लोकल पकडली, देहूरोडला उतरले आणि धावत जाऊन त्या दुसऱ्या बसमध्ये चढले.

तो मधल्या एका सीटवर बसला होता. मला बघून त्याने इयरफोन काढले. दोन्ही. मी समोरच्या रिकाम्या सीटवर बसायला गेले तर एक काकू म्हणाल्या, "अहो, ती जयमालाताईंची आहे, तळेगावला चढतात त्या." मी मुकाट्याने उठले, वरची दांडी धरली आणि घसा साफ केला.

"सगळ्यांनी ऐका जरा," मी म्हणाले. "यांना मी भर बसमध्ये चोर म्हणाले होते. हे चोर नाहीत. चूक माझी होती. मला माफ करा."

मागून एक जण म्हणाला, "कोण चोर? कुठली चोरी? आम्हाला कायच माहीत नव्हतं की!"

निरंजनने कपाळाला हात लावला. "या बसमध्ये कुणाला माहीत नव्हतं," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आता झालं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता. तेच, खुद्कन, दाबलेलं हसू. त्याने खिडकीकडे सरकून मला जागा दिली.

"मग काय टाइप करत होता तुम्ही?" मी बसल्या बसल्या विचारलं. शंका राहिली की मला चैन पडत नाही.

त्याने एक इयरफोन पुसून माझ्या हातात दिला. "माझे बाबा जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. आयुष्य सिनेमात गेलं. आता शुगरनं नजर गेलीय, बघता येत नाही. तुम्ही बोलायच्या ते विसरायच्या आत मी लिहून ठेवायचो आणि संध्याकाळी त्यांना बोलून पाठवायचो. त्यांना गोष्ट नको असते. म्हणतात, गोष्ट सगळ्यांची सारखीच असती. कसा वाटला ते सांग."

मी इयरफोन कानात घातला. एक खरखरीत, म्हातारा आवाज आला. "काय म्हणली रे आज बसमधली बाई? त्या ड्रोनचं मला पटलं बघ. आमच्या टायमाला असं रीळ लावलं असतं तर लोकांनी तंबू उपटला असता..." मग दुसरा निरोप, मग तिसरा. प्रत्येकात माझ्याशी भांडण, माझ्या मतांवर मतं. शेवटचा अलीकडचा होता. "अरे निरंजना, ती बाई गप कामून हाय? भांडलास का तिच्याशी? मिटव बाबा. माझा सिनेमा बंद पडलाय."

खिडकीबाहेर पावसाने धुतलेले डोंगर मागे जात होते.

"हे दाखवलं असतंत तर मी तिथेच गप्प बसले असते," मी म्हणाले.

"दाखवणार होतो. पण मी पण बोललो होतो त्यात काहीबाही. तुमच्याबद्दल." तो खिडकीकडे वळला. "सिनेमाचं नव्हतं ते."

"काय बोललात?"

"ते नाही ऐकवणार."

"मग तोंडी सांगा."

"सगळे ऐकायलेत ओ."

"ऐकू द्या."

तो खिडकीकडेच बघत म्हणाला, "रविवारी... सिनेमाला येता का?"

"हो म्हणा ताई," मघाच्याच काकू मागून म्हणाल्या. "आमचं पण कामात लक्ष लागू द्या!"

रविवारी चिंचवडला दुपारचा खेळ होता. मी अर्धा तास आधी पोचले आणि तरीही शंका घेत बसले. येईल का? आला तर उशिरा येईल का? आला, वेळेवर, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि तेलाचा वास नव्हता याचंच मला वाईट वाटलं. दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. दोन खुर्च्यांच्या मधल्या दांडीवर त्याचा हात होता, आणि माझ्या हातापासून तो एवढासा लांब होता. मी त्या हाताकडे बघत होते. आता सरकेल. का सरकत नाही? मुद्दाम सरकत नाही का? की त्याच्या मनात काहीच नाही? पडद्यावर कुणीतरी रडत होतं, कुणीतरी गात होतं. इंटरव्हल झाला, दिवे लागले, आणि हात होता तिथेच होता.

निरंजनने खिशातून फोन काढला. "बाबा सकाळपासून मागं लागलेत. तुमच्याच आवाजात सांगा म्हणतात," तो म्हणाला आणि रेकॉर्डिंगचं बटण अंगठ्याने दाबून ठेवत फोन माझ्यासमोर धरला. "हं. कसा वाटायलाय सिनेमा?"

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. हिरोचं नाव आठवेना. गोष्ट कुठल्या गावात घडते तेही आठवेना.

"सांगा ना."

"सांगा त्यांना, बसमधल्या बाईने सिनेमा पाहिलाच नाही."

"कामून म्हणून विचारतील."

"मग खरं ते सांगा."

"काय खरं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. कुठे खोट दिसते का, शेवटचं एकदा शोधलं. "की तुमचा मुलगा मला आवडतो. खूप आवडतो. आणि तो शेजारी बसला की माझं पडद्याकडे लक्षच लागत नाही."

त्याचा अंगठा सुटला. फोन टुंग वाजला.

"गेला..." तो म्हणाला.

"काय गेला?"

"निरोप. बाबांना."

आम्ही दोघं त्या फोनकडे बघत राहिलो. लोक समोसे घेऊन परत येत होते, पाय ओलांडून जात होते. मग निरंजनने न बघताच हात सरकवला आणि माझा हात धरला, घट्ट. त्याच्या तळहाताला घाम आला होता.

दिवे मंद व्हायला लागले तेव्हा फोन पुन्हा वाजला. त्याने तो आमच्या दोघांच्या कानांच्या मध्ये धरला.

"बरं झालं," म्हातारा आवाज म्हणाला. त्यात हसू होतं, आणि जरासा ओलावाही. "पण पोरी, दुसरा भाग तरी नीट बघ गं. मला सांगणार कोण?"

आम्ही बघायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून. त्या सिनेमाचा शेवट काय झाला, हे मला आजही सांगता येणार नाही.